लग्नघरचें पाणी आणि कानाचे रांजण

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत, कुटुंबदिनाच्या संध्याकाळीं, रत्नागिरी येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्यापुढें चार शब्द बोलावे अशी आज्ञा महोत्सव-समितीनें आम्हांस केली, आणि विषयही तिनेंच नेमून दिला: लग्नघरांतील श्रद्धा आणि नित्याचे चमत्कार. विषय ऐकून प्रथम आम्हांस किंचित् हसूं आलें. लग्नघरांत चमत्कार शोधावयास निघालेल्या माणसाला पहिल्यानें काय आढळतें? आचारी वेळेवर आलेला नाहीं. शिंप्यानें पोलकें तंग शिवलें आहे. पत्रिकेंत आत्याबाईंचें नांव राहून गेलें आहे. आणि मुंबईच्या मंडळींचीं रेल्वेचीं तिकिटें अद्याप प्रतीक्षायादींतच अडकलीं आहेत. अशा घरांत एखादें तिकीट आयत्या वेळीं पक्कें झालें, म्हणजे घरची म्हातारी हात जोडते आणि मिलाग्र झालें असें म्हणते.

त्या म्हातारीची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ‘मिलाग्र’ हा मूळचा पोर्तुगीज शब्द. परंतु आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडीं तो इतका रुळला कीं तो आतां आपल्याच घरचा झाला आहे. २००५ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे जिल्हे पुणें धर्मप्रांतापासून वेगळे होऊन आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. त्याचें मुख्य मंदिर सावंतवाडीस आहे आणि तें मिलाग्र मातेलाच, म्हणजे चमत्कारांच्या मातेला, वाहिलेलें आहे. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या सणाला ख्रिस्ती व हिंदु दोन्ही समाजांचे लोक तेल घेऊन जातात, हेंही आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेव्हां चमत्कार हा शब्द आपणांस परका नाहीं. तो फार ओळखीचा आहे, म्हणूनच त्याचें वजन एकदां नीट करून पाहावें असें आम्हांस वाटतें.

ख्रिस्तसभा हा शब्द जपून वापरते. १२७४ सालीं निवर्तलेले थोर आचार्य संत थॉमस आक्विनास यांच्या मतें, सृष्टीच्या नेहमींच्या क्रमापलीकडचें जें कार्य ईश्वर करितो, त्यालाच खऱ्या अर्थानें चमत्कार म्हणावें. अशा गोष्टींची ख्रिस्तसभा किती कसून छाननी करिते याचें एक उदाहरण सांगतों. लुई मार्टिन हे फ्रान्समधील घड्याळजी आणि त्यांची पत्नी झेली ही जाळीदार लेस विणणारी. १८५८ सालच्या जुलै महिन्यांत, मध्यरात्रीं, कांहींही गाजावाजा न करितां त्यांचा विवाह झाला. बाल येशूची संत तेरेजा ही त्यांचीच कन्या. या दांपत्याला २००८ सालीं धन्य आणि २०१५ सालीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. पतिपत्नीला एकत्र संतपद मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु त्यापूर्वीं त्यांच्या मध्यस्थीनें आजारी अर्भकें बरीं झालीं असें जें सांगण्यांत आलें, तें वैद्यांनीं तपासलें, धर्मपंडितांनीं तपासलें, आणि मगच ग्राह्य धरलें. रेल्वेच्या तिकिटाची अशी चौकशी रोममध्यें कोणी करणार नाहीं!

मग नित्याचा चमत्कार म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? आहे. आणि तो ओळखावयास संत आगुस्तीन आपणांस शिकवितात. योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचन करितांना, कानाच्या लग्नासंबंधानें ते असा विचार मांडितात कीं, ज्यानें त्या दिवशीं रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला तोच दर वर्षीं द्राक्षवेलींत हेंच कार्य करीत असतो. ढगांतून पाणी पडतें, वेल तें पिते, आणि त्याचा रस होतो. पण हें दर वर्षीं घडतें म्हणून आपणांस त्याचा अचंबा वाटत नाहीं. संत आगुस्तीन रत्नागिरीस आले असते तर त्यांनीं द्राक्षवेलीच्या जागीं हापूसचें कलम धरलें असतें. आपल्या या तांबड्या जांभ्याच्या कातळावर पाऊस कोसळतो, आणि त्याच पाण्याचा पुढें मे महिन्यांत आंबा होऊन घराघरांत आढी लागते. कातळांतून केशर निघतें, आणि आपण फक्त पेटीचा भाव विचारतों!

आतां कानाच्या लग्नाकडे वळूं. गालीलांतील एका लहानशा गांवांतलें हें लग्न. नवऱ्या मुलाचें नांव शुभवर्तमानांत नाहीं, नवरीचें नाहीं, व्याह्यांचेंही नाहीं. नोंद आहे ती एका उणिवेची: द्राक्षारस संपला. ज्यांनीं घरांत लग्नकार्य काढलें आहे त्यांना या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. पंगत बसलेली आहे आणि भात संपला, एवढें म्हटलें कीं पोटांत गोळा उठतो. धन गेलें तर माणूस पुन्हां मिळवितो; भरल्या मांडवांत गेलेली अब्रू मात्र पिढीभर सांगितली जाते. प्रभूनें आपलें पहिलें चिन्ह एका गरीब घराची अब्रू झांकण्यासाठीं केलें, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेविली पाहिजे.

या वृत्तान्तांत आम्हांस तीन गोष्टी विशेष दिसतात.

पहिली गोष्ट ही कीं, ती उणीव प्रथम पवित्र मरियेच्या ध्यानांत आली. ती पाहुणी होती. पण तिचें लक्ष स्वतःच्या पानाकडे नव्हतें, यजमानाच्या माजघराकडे होतें. तिनें बोभाटा केला नाहीं, यजमानाला दोष दिला नाहीं. तिनें पुत्राला कळविलें, आणि सेवकांना त्याच्या सांगण्याप्रमाणें करण्यास सांगून ती बाजूला झाली. दुसऱ्याच्या घरचें उणें पाहून त्याची चर्चा करणारे पुष्कळ. त्याची प्रार्थना करणारे थोडे.

दुसरी गोष्ट ही कीं, प्रभूनें रिकाम्या हातीं बसलेल्यांना द्राक्षारस दिला नाहीं. त्यानें आधीं पाणी भरावयास लाविलें. सहा दगडी रांजण, एकेकांत ऐंशीं ते एकशें वीस लिटर पाणी मावेल असे. म्हणजे सगळे मिळून पांचशेंपासून सातशें लिटरांपर्यंत पाणी. त्या काळीं नळ नव्हते. त्या सेवकांनीं किती खेपा केल्या असतील याचा अंदाज शहरांतल्या माणसाला येणार नाहीं. आमच्या वाड्यांवरच्या बायकांना मात्र तो तेव्हांच येईल. आणि त्यांनीं ते रांजण अर्धेमुर्धे भरले नाहींत, कांठोकांठ भरले. पाण्याचा रस करणें देवाचें काम होतें; पाणी आणणें माणसांचें. देवानें माणसांचें काम आपल्याकडे घेतलें नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो द्राक्षारस कोठून आला हें भोजनप्रमुखाला कळलें नाहीं. त्यानें नवऱ्या मुलाला बोलावून त्याचीच वाहवा केली. पाहुण्यांना कांहीं कळल्याचा उल्लेख नाहीं. कळलें तें पाणी काढणाऱ्या सेवकांना. शुभवर्तमानकारानें तें मुद्दाम नमूद केलें आहे. बंधुभगिनींनो, आजच्या भाषणांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें हेंच. चमत्कार मांडवांतल्या खुर्चीवर बसून दिसत नाहीं. तो ज्याच्या डोक्यावर हंडा आहे त्याला दिसतो.

आपल्या जिल्ह्यांत या गोष्टीला एक वेगळाच अर्थ येतो. उपवासकाळांत आपल्याकडे लग्नें करीत नाहींत. तेव्हां पास्कासण उलटला कीं लग्नांची घाई सुरू होते, आणि चाकरमानी रजेवर येतात तो मे महिना. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणारा हा आपला मुलूख, पण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाहीं. तें समुद्राला जाऊन मिळतें, आणि मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या महिन्यांत घरांत सर्वांत अधिक माणसें, त्याच महिन्यांत विहिरीला सर्वांत थोडें पाणी! कानाच्या लग्नांत द्राक्षारस संपला. आपल्या लग्नांत कधीं कधीं पाणीच संपतें.

अशाच एका घरची हकीकत सांगतों. ओळख पटेल अशी कोणतीही खूण आम्ही देणार नाहीं. दोन सख्खे भाऊ, कलमांची बाग वडिलार्जित, आणि बागेच्या बांधावरून दोघांत वितुष्ट. अकरा वर्षें बोलणें नाहीं. मिस्साला आले तरी एक उजव्या बाजूस, दुसरा डाव्या. धाकट्याच्या मुलीचें लग्न ठरलें. विवाहपूर्व चौकशीसाठीं ती आमच्याकडे आली. बाप्तिस्म्याचा दाखला, साक्षीदारांचीं नांवें, सर्व कागद झाल्यावर तिनें हळूच विचारलें कीं, मोठ्या काकांना पत्रिका कशी पाठवावी? आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं पाठवूं नकोस, घेऊन जा. ती गेली. काकानें पडवींत उभ्या उभ्या पत्रिका घेतली. पाणीसुद्धां विचारलें नाहीं. मुलगी डोळे पुशीत परत आली.

रोसाचा दिवस उजाडला. नारळ खवून झाले, रस काढून झाला, बायका गाणीं म्हणूं लागल्या, आणि टँकर आलाच नाहीं. रोस अंगाला लावल्यावर नवरीला न्हाऊं घालावयाचें कशानें? शंभर माणसांचा स्वयंपाक करावयाचा कशानें? बांधापलीकडे थोरल्याच्या विहिरीला पाणी होतें. पण मागावयास जाईल कोण? दोन वाजले, तीन वाजले. मग त्या विहिरीवरचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि थोरल्याचा मुलगा रबरी नळी ओढीत, त्याच वादाच्या बांधावरून, इकडे आला. नळी अर्ध्या वाटेवर संपली. तेथून पुढें हंड्याकळशांची रांग लागली, आणि त्या रांगेंत एक हंडा खांद्यावर घेऊन थोरला स्वतः होता. कोणी कोणाशीं बोललें नाहीं. धाकट्यानें पुढें होऊन त्याच्या खांद्यावरचा हंडा उतरून घेतला, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं पाहुणे जेवून गेले आणि आचाऱ्याची तारीफ करून गेले. पाणी कोठून आलें हें त्यांना ठाऊक नव्हतें. पाणी वाहणाऱ्यांना ठाऊक होतें.

ही हकीकत रोमला पाठविण्याजोगी नाहीं. यांत सृष्टीचा एकही नियम मोडलेला नाहीं. पंप विजेवर चालला आणि पाणी उतारानें वाहिलें. बांधाचा वादही त्या दिवशीं मिटला नाहीं; त्याला पुढें मोजणी लागली. परंतु अकरा वर्षें कोरडें पडलेलें काळीज एका दुपारीं पाझरलें, हें कोणाच्या सामर्थ्यानें? माणसाचा हट्ट हा जांभ्याहून कठीण दगड आहे. तो फुटतो तेव्हां त्या ठिकाणीं देवाची कृपा काम करीत होती असें म्हणावयास आम्हांस धर्मगुरु या नात्यानें मुळींच संकोच वाटत नाहीं. फक्त एवढेंही सांगतों कीं, ती मुलगी अपमान सोसून त्या पडवींत गेली नसती, तर रांजण रिकामाच राहिला असता.

आपल्या वाडवडिलांना हें मर्म ठाऊक होतें. म्हणून लग्नाआधीं भिकाऱ्यांचें जेवण घालण्याची चाल त्यांनीं पाडली. घरच्या मृतांची आठवण करून गोरगरिबांना पानावर बसवावयाचें, घरच्यांनीं स्वतः वाढावयाचें, आणि मगच लग्नाच्या पंगतीचा विचार करावयाचा. आज पुष्कळ घरांत ही चाल नांवापुरती राहिली आहे, कांहीं ठिकाणीं तीही नाहीं. एखाद्या आश्रमाला पैसे धाडून मोकळें होतात. पैसे धाडणें चांगलेंच. पण वाढणाऱ्याचे हात मात्र त्यांत वांकत नाहींत. ज्या घरांत यजमान एकदां सेवक होतो, त्या घराला कानाच्या सेवकांचें गुपित कळण्याची आशा असते.

आतां एक कटु गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्यांतील कित्येक घरें लग्नाच्या खर्चाखालीं दबून गेलीं आहेत. दागिने गहाण पडतात, पतपेढीचें कर्ज निघतें, कलमें फळासकट आगाऊ विकलीं जातात; नवरीचा चुडा उतरण्यापूर्वीं पहिला हप्ता दाराशीं येतो. आणि हें सर्व झाल्यावर, देवानें सारें निभावून नेलें, असें आपण म्हणतों! निभावलें तें देवानें, कीं सावकारानें? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालीं कुटुंबाविषयीं लिहिलेल्या पत्रांत हाच इशारा दिला होता. पत्रिका, कपडे आणि मेजवानी यांच्या धांवपळींत पैसाच नव्हे तर उत्साह आणि आनंदही आटून जातो, आणि वधूवर वेदीपुढें येतात ते थकून भागून, असें सांगून त्यांनीं तरुणांना लोकांहून वेगळें वागण्याचें धैर्य धरावयास सांगितलें.

विवाहसंस्काराला लागतें तरी काय? वधू आणि वर यांची मोकळ्या मनानें दिलेली संमति, ख्रिस्तसभेच्या वतीनें ती स्वीकारणारा धर्मगुरु, आणि दोन साक्षीदार. या संस्काराचे दाते आम्ही धर्मगुरु नव्हे. तुम्ही, वधूवरच, तो एकमेकांस देतां. २०२० सालीं महामारीच्या दिवसांत सरकारनें लग्नाला पन्नासच माणसांची मर्यादा घातली होती. त्या वेळीं ज्यांचीं लग्नें लागलीं त्यांच्या संस्कारांत तिळभरही उणें राहिलें नाहीं. आणि ज्युबिली म्हणजे तरी काय? लेवीयच्या पुस्तकांत सांगितलेलें पन्नासावें वर्ष: शिंग फुंकावयाचें, बंदिवान मोकळा करावयाचा, आणि ज्याची वडिलार्जित जमीन हातची गेली असेल त्याला ती परत मिळावयाची. ज्या धर्मग्रामांत ज्युबिलीचे दिवे लागले आहेत, तेथेंच लग्नापायीं बाग गहाण पडत असेल, तर तो उत्सव अपुरा आहे.

शेवटीं एका प्रश्नाला उत्तर देणें आहे; तो आमच्यापुढें अश्रूंसहित आलेला आहे. ज्या घरीं द्राक्षारस आलाच नाहीं, त्याचें काय? लग्नाच्या आठवड्यांत आई गेली. ठरलेलें लग्न मोडलें. पत्रिका काकाच्या पडवींत पडून राहिली आणि काका आला नाहीं. त्या घरच्यांची श्रद्धा उणी पडली काय? नाहीं, बंधुभगिनींनो. असें कोणी म्हणत असेल तर तो त्या घरावर दुसरें दुःख लादीत आहे. योहानाचें शुभवर्तमान उघडून पाहा. त्यांत प्रभूची माता दोनच ठिकाणीं पुढें येते: एकदां कानाच्या मांडवांत आणि एकदां क्रुसाखालीं. कानांत प्रभूनें आपली वेळ अद्याप आलेली नाहीं असें म्हटलें होतें. ती वेळ क्रुसावर आली. तेथें मरियेनें कांहीं मागितलें नाहीं, आणि तिच्या डोळ्यांदेखत कांहीं पालटलेंही नाहीं. तरी ती तेथून हलली नाहीं. जी लग्नघरांत आपल्या सोबत असते तीच शोकाच्या घरांतही असते, आणि तिच्या पुत्रानें क्रुसावर सुरू केलेलें कार्य पुनरुत्थानाच्या पहाटेला पुरें झालें. ज्या घरचे रांजण भरूनही पाणी पाणीच राहिलें, त्या घरानें ते व्यर्थ भरले नाहींत.

तेव्हां येत्या हंगामांत ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांना आमची तीन मागणीं आहेत. ज्याच्याशीं बोलणें नाहीं त्याच्या घरीं पहिली पत्रिका पायीं जाऊन द्यावी. भिकाऱ्यांच्या जेवणाला नवऱ्या मुलानें किंवा मुलीनें स्वतःच्या हातानें वाढावें. आणि घरांतील सर्वांनीं लग्नाआधीं प्रायश्चित्त संस्कार घेऊन एक संध्याकाळ एकत्र जपमाळ म्हणावी. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनीं २००२ सालीं जपमाळेंत जीं प्रकाशाचीं रहस्यें घातलीं, त्यांतील दुसरें कानाच्या लग्नाचेंच आहे. तें म्हणतांना आपल्या शेजारच्या घरांत काय उणें आहे याचा विचार करावा. आणि ज्यांच्या घरीं कार्य नाहीं त्यांनीं मांडवांत जाण्यापूर्वीं एकदां मागील दारीं जावें, आणि पाणी पुरेसें आहे ना, एवढें विचारावें.

या धर्मग्रामाचीं इतकीं वर्षें अशाच पाणी वाहणाऱ्यांनीं चालविलीं. त्यांचीं नांवें कोनशिलेवर नाहींत. कानाच्या सेवकांचींही कोठें नाहींत. सर्वसमर्थ देव तुमचीं घरें भरलेलीं ठेवो, मिलाग्र माता तुमच्या मुलामुलींच्या संसारावर नजर ठेवो, आणि जेव्हां जेव्हां उणें पडेल तेव्हां रांजण कांठोकांठ भरण्याचें बळ तुम्हांस देवो. आमेन.